शेळी याली ही बातमी आहे का?

खूप दिवसांनी लिहितेय. मधे दोनतीनदा बसले होते लिहायला, पण एकदा लाइट गेली, एकदा कसलीतरी लिंक आली "आजच भरा, अतितात्काळ" वाली, आणि मग राहूनच गेलं.

तर आमच्या शाळेचं. जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, दोन शिक्षक, दोन खोल्या आणि मागे पत्र्याचं किचन शेड. नगर जिल्हा (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच येतं), पाथर्डीच्या बाजूला, डोंगराच्या कडेला. जूनमध्ये पट ३१ होता. आज वर्गात १८ होते. का ते पुढे येईलच, या भागातल्या माणसाला तर ते सांगायची पण गरज नाही.

आमच्याकडे पेपर येतो साडेअकराच्या एसटीने आणि परिपाठ होतो सव्वादहाला. म्हणजे राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष हे सगळं आजचं आणि "आजच्या ठळक बातम्या" मात्र कालच्या. वर्षानुवर्षं हे असंच चाललेलं, कोणाला काही वाटत नव्हतं, मलापण नाही. चौथीतलं एखादं चुणचुणीत पोर पेपरातले चार मथळे एका दमात वाचून टाकायचं, बाकीची पोरं वाळूत रेघोट्या मारायची, मग बोधकथा, मग पसायदान, चला वर्गात.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर एक दिवस चौथीतल्या पोरीने वाचलं, शेअर बाजार कोसळला. पहिल्या रांगेत पहिलीतला एक बसतो, सगळ्यात बुटका, शर्टाचं वरचं बटण कायम तुटलेलं. तो उठून उभाच राहिला. "बाई, कोन दबलं का?"

सगळे हसले. मीपण हसले, खोटं कशाला बोलू. पण तो काही बसेना आणि त्याचा चेहरा रडवेला झालेला. मग डोक्यात उजेड पडला की त्या दिवशी आठवडे बाजार होता आणि त्याची आई पहाटेच मेथी-शेपूच्या जुड्या घेऊन बाजाराला गेलेली. त्याच्या डोक्यात बाजार एकच, पत्र्याच्या शेडचा, आणि तो कोसळलाय. त्याला समजवायला माझी पंधरा मिनिटं गेली आणि शेअर बाजार म्हणजे काय हे काय मला त्याला सांगता आलं नाही, शेवटी एवढंच म्हणलं की तो बाजार मुंबईत आहे, आई तिकडे गेली नाही. तेव्हा कुठे बसला.

दुसऱ्या दिवशी मी पेपर आणलाच नाही परिपाठाला. म्हणलं, काल तुम्ही स्वतः काय बघितलं ते सांगा. जे डोळ्यांनी बघितलं तेच. कोणी बोलेना. आमची पोरं सुट्टीत असं बोलतात की कान किटतात, पण "बातमी सांगा" म्हणलं की तोंडाला कुलूप. मग मागून एक हळूच, "बाई, शेळी याली ही बातमी हाय का?"

म्हणलं, आहे की. मग बघा मजा. मला काही विचारावंच लागलं नाही. कोणाची? आमची. कधी? राती, जेवन झाल्यावर. किती झाली? दोन. आणि मग चौथीतल्या एकाने अगदी मोठ्या माणसासारखा प्रश्न टाकला, "पाट का बोकड?" कारण त्यावर सगळं गणित असतं, पाट असली तर घरात ठेवायची, बोकड असला तर पुढे विकायचा, हे सहा वर्षांच्या पोरालापण माहीत. एक पाट एक बोकड. कोणी, कधी, कुठे, किती, सगळं झालं, मी डीएडला असताना बातमीलेखनावर ज्या नोट्स काढल्या होत्या त्यातलं काही सुटलं नाही.

मी फळ्याच्या डाव्या कडेला चौकट आखली आणि लिहिलं, "काल रात्री शेळी याली. दोन करडं झाली. एक पाट, एक बोकड."

आमचे सर (हेडसर तेच, शिक्षक तेच, ऑनलाइनचं तेच) म्हणाले, मॅडम, "व्याली" लिहा, कोणी आलं तर काय म्हणेल. थोडी वादावादी झाली आमची. माझं म्हणणं होतं की ज्याची बातमी त्याचे शब्द. प्रमाण मराठी शिकवायची आहेच, त्यासाठी पुस्तक आहे, पाच तास आहेत, मी आहे. पण हा एवढा फुटभर फळा त्यांचा. पहिलीत आलेल्या पोराला त्याच्या पहिल्याच वाक्यात चूक काढून दाखवली की ते पुढचं वाक्य बोलतच नाही, हे मी सतरा वर्षांत इतक्या वेळा बघितलंय. शेवटी तह झाला. याली फळ्यावर, व्याली वहीत.

तेव्हापासून हे सुरू आहे. रोज दोन वार्ताहर. नियम पोरांनीच केले, त्यातला पहिला म्हणजे स्वतः बघितलेलंच सांगायचं, "म्हणत्यात" चालणार नाही. हा नियम मोठ्या माणसांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपला लावला तर निम्मे ग्रुप बंद पडतील, असो.

आता यातून वाचन सुधारलं का, तर हो पण आणि नाही पण. दुसरीतला एकजण, अक्षर ओळख जेमतेम, तो स्वतःची बातमी फळ्यावरून फाडफाड वाचायला लागला. मी खूश. व्हिडिओ काढून केंद्राच्या (म्हणजे आजूबाजूच्या शाळांच्या) ग्रुपवर टाकला, अंगठे आले. दोन दिवसांनी मला शंका आली म्हणून त्याची बातमी वाचायला लावण्याआधी मधला एक शब्द पुसून टाकला. "आमच्या विहिरीत साप निघाला" यातला साप पुसला. पठ्ठ्याने बोट ठेवत ठेवत वाचलं, आमच्या, विहिरीत, साप, निघाला. मोकळ्या जागेवर बोट ठेवून साप! पाठच होतं ना त्याचं. मला हसूपण आलं आणि तो व्हिडिओ आठवून कानकोंडंपण झालं. मग मी मुद्दाम शब्द बदलायला लागले, सापाच्या जागी बेडूक, विहिरीच्या जागी घागर, आणि तो चिडायचा, "बाई, चुकीचं लिव्हलंय तुम्ही!" आता चिडायचं म्हणजे आधी वाचायला लागतं. तिथून गाडी हलली. अजून जोडाक्षराला अडतो पण हलली.

एकदा शाळेला भेट होती. सकाळी सरांनी आणि मी मिळून सगळं आवरलं, रजिस्टरं, तक्ते, हॅंडवॉश स्टेशनला साबण, सगळं. साहेब आले, वर्गात फिरले, फळ्यापाशी थांबले आणि मोठ्याने वाचायला लागले. "आज साहेब येणार म्हणून बाई नवीन साडी नेसून आल्यात. मावशींनी खिचडीत वाटाणे जास्त टाकलेत." मी मेले तिथल्या तिथे. साहेब चांगले निघाले, हसले, म्हणाले वाटाण्याची बातमी खरी आहे का ते बघायला मला जेवायला थांबावं लागेल, आणि खरंच थांबले. मावशींनी त्या दिवसापासून वार्ताहरांना वाढताना डोळे वटारायला सुरुवात केली ती आजतागायत.

त्या मावशींचं पण सांगते. सकाळी दहाला येतात, तांदूळ निवडणं, पाणी भरणं, शिजवणं, वाढणं, पातेली घासणं, दुपारचे अडीच वाजतात. मानधन महिना २५०० रुपये. ते २०२३ साली वाढून २५०० झालं, आधी १५०० होतं. पोरामागे १०० ग्रॅम तांदूळ हा पहिली ते पाचवीचा हिशोब, आणि तो मावशींना तोंडपाठ आहे, सकाळी हजेरी झाली की दारातून फक्त आकडा विचारतात, "किती?" आणि वाटीने मापायला लागतात.

अंड्याचीपण बातमी झाली होती. २०२३च्या नोव्हेंबरात पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू झालं, जे खात नाहीत त्यांना केळं. आमच्याकडे बुधवार. बुधवारची हजेरी बघा तुम्ही, तापाने फणफणलेलं पोरपण यायचं. मग २०२५च्या जानेवारीत वरून आलं की अंड्याला आता वेगळा निधी नाही, द्यायचं तर लोकसहभागातून द्या. त्या बुधवारी फळ्यावर होतं, "आज बुधवार आहे. अंडं नाही." बस, एवढंच. वार्ताहराला म्हणलं, कारण लिही. तो म्हणाला, "कारन मी बघितलं नाही बाई." नियम म्हणजे नियम. नंतर व्यवस्थापन समितीतल्या दोघातिघांनी गावात फिरून काही बुधवार केले, एकीने तर घरच्या कोंबड्यांची आणून दिली, पण लोकसहभाग म्हणजे शेवटी त्याच घरांतून ना, ज्यांची पोरं इथे जेवतात. किती दिवस करणार.

सगळ्या बातम्या फळ्यावर जात नाहीत. हे मला फार उशिरा कळलं. तिसरीतली एक मुलगी तिच्या पाळीला उभी राहिली आणि म्हणाली, "काल बाबांनी आईला..." आणि थांबली. सगळे गप्प. पोरांना कळतं. मी घाईघाईने काहीतरी बोलले, प्रार्थना सुरू करा वगैरे, आणि मधल्या सुट्टीत तिला माझ्या शेजारी बसवून घेतलं. ती काही बोलली नाही, डबा खाल्ला माझा. संध्याकाळी मी तिच्या घरावरून गेले, मुद्दाम नाही असं दाखवत, आईशी अंगणात बोलले, चहा घेतला. त्याने काय झालं? काही झालं असं सांगता येणार नाही. पण दुसऱ्या दिवसापासून मी एक केलं, माझ्या टेबलावर पत्र्याचा एक डबा ठेवला, ज्याला बातमी फक्त बाईंना सांगायची आहे त्याने चिठ्ठी टाकायची, ज्याला लिहिता येत नाही त्याने नुसतं डब्यावर टकटक करायचं. आठवड्याला एकदोन टकटक होतात. त्या इथे लिहिणार नाही.

या वर्षी (२०२५) जूनमध्ये मोठ्यांच्या बातम्यापण घुसल्या फळ्यावर. १६ तारखेला शाळा उघडली, १७ला पहिलीपासून हिंदीचा सुधारित जीआर, गावात पारावर तीच चर्चा, पालक मला अडवून विचारायचे मॅडम पुस्तकं कधी, आणि मला जेवढं टीव्हीवर दिसत होतं तेवढंच माहीत. २९ला रविवारी एप्रिलमधला पहिला आणि हा, दोन्ही जीआर रद्द. सोमवारी परिपाठात चौथीतला एक म्हणाला, "बाई, हिंदी आली का गेली?" म्हणलं गेली. "पण आली कधी?" आता याला काय उत्तर द्यायचं तुम्हीच सांगा.

आणि सप्टेंबरात एक बातमी मी स्वतः दिली. १ तारखेला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, सेवेत असलेल्या शिक्षकांनापण टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास व्हावं लागणार, ज्यांची नोकरी पाच वर्षांहून जास्त राहिलीय त्यांना दोन वर्षांत. मी २००८ची. तेव्हा राज्यात टीईटी नव्हतीच, ती सुरू झाली २०१३ला. आठवडाभर स्टाफरूममध्ये (म्हणजे कपाटामागच्या दोन खुर्च्यांवर) सर आणि मी तेच बोलत होतो, आणि पोरांचे कान तिखट. म्हणून म्हणलं आपणच सांगून टाकू. फळ्यावर लिहिलं, "बाईंची आणि सरांची परीक्षा आहे. १५० मार्कांची."

वर्गात शांतता. मग प्रश्नांचा पाऊस. बाई, कॉपी करता येती का. बाई, सर पहिले येतील का तुम्ही. बाई, नापास झालं तर आमच्या वर्गात बसायचं का. पहिलीतला बुटका (आता दुसरीत, बटण अजून तुटलेलंच) म्हणाला, "१५० म्हंजी लई हाय, आमाला २० ची असती." त्याच्या आवाजात जी काळजी होती ती मला त्या दिवसांत दुसऱ्या कोणाकडून मिळाली नाही, नवऱ्याकडूनपण नाही. नोव्हेंबरात पेपर देऊन आले. दीडशे प्रश्न अडीच तासांत, बालमानसशास्त्रात एक प्रश्न असा होता की तो वाचताना मला आमच्या सापवाल्याची आठवण आली आणि दोन मिनिटं तिथेच वाया गेली. अजून निकाल नाही.

त्याच सप्टेंबरात पाऊस. ते मला नीट लिहिता येणार नाही. आमच्या भागात ढग फुटल्यासारखा पडला, ओढ्याने वाट सोडली, नदीकाठची शेतं खरवडून निघाली, नुसते दगड उरले. दोन दिवस शाळेला सुट्टी होती, तिसऱ्या दिवशी चिखलातून जी पोरं आली त्यांना म्हणलं, आज कोणाची पाळी? सगळ्यांचे हात वर. आमची बाजरी गेली. आमचा कापूस पाण्यात हाय. आमच्या दोन शेळ्या गेल्या. आमची मोटार गाळात. मी लिहीत गेले, चौकट संपली, फळा संपला, मग बाहेरच्या भिंतीवर खडूने लिहिलं. ती शेळीवाल्याची पाट, मागच्या वर्षीची पहिली बातमी, तीपण गेली त्यात. त्याने सांगितलं आणि खाली बसला. मग कोणीतरी विचारलं, "बोकड?" तो म्हणाला, "इकला व्हता पोळ्याला." आणि सगळ्यांनी मान हलवली, म्हणजे बरं झालं, तेवढे तरी पैसे आले.

म्हणून या वर्षी कोयता, म्हणजे ऊसतोडीला जाणारी माणसं, जास्त गेली. दरवर्षी दिवाळी झाली की मुकादमाच्या (तोडीला मजूर नेणाऱ्याच्या) गाड्या लागतात, उचल म्हणजे आगाऊ पैसे आधीच घेतलेले असतात, माणसं, बैलं, भांडी, कोंबड्या आणि पोरं. ज्यांच्याकडे आजी-आजोबा आहेत ती पोरं मागे राहतात, बाकीची जातात. शिक्षण हमी कार्ड भरून देतो आम्ही, की जिथे जाल तिथल्या जवळच्या शाळेत हे दाखवा, बसवून घेतील. कार्ड पोरगी पिशवीत ठेवते, पिशवी कोपीत (तिथल्या झोपडीत) टांगते. मार्चपर्यंत तिथेच. मागच्या वर्षी आठ गेली होती. या वर्षी तेरा.

गेल्या आठवड्यात चौथीतल्या मुलीने विचारलं, "बाई, आपन आता किती?" १८. तिने बोटं मोजली. "वीसच्या खाली गेलं की शाळा बंद व्हती ना?" हे कुठून ऐकलं? घरी, अजून कुठून. २०२३ला वीसपर्यंत पटाच्या छोट्या शाळा एकत्र करून एक समूह शाळा करायचं निघालं होतं तेव्हापासून गावात हे वाक्य फिरतंय, आणि दर नोव्हेंबरात हजेरी गळली की परत वर येतं. मी सांगितलं की पट हजेरीवरून नाही, नावावरून धरतात, नावं ३१च आहेत. ती म्हणाली, "मग फळ्यावर लिवा. ३१." लिहिलं. पण तिने नियम काढला, बघितलेलंच लिहायचं, आणि तुम्ही ३१ बघितले का बाई?

यावर तोडगा त्यांनीच काढला. जे गेलेत ते पण वार्ताहर. आईबापाच्या फोनवरून बातमी पाठवायची, मी परिपाठात मोबाईल माइकला लावायचा. रेंजचा प्रश्न असतो, रिचार्जचा असतो, पण येतात. पहिल्या बातमीत नुसता वारा आणि मधे कुत्रं भुंकलं, पोरं म्हणाली हा आमचा वाघ्या, त्यांच्याबरोबर गेलाय, ओळखला. दुसऱ्या बातमीत एकजण सांगत होता की आमचा फड (तोडीचा ऊस) रस्त्याकडेला आहे, वाढं (उसाचे हिरवे शेंडे, जनावरांना) विकायला मीच बसतो, काल दोनशे रुपयांची विकली. गणितात हा वजाबाकीला रडतो. मी दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला वाढ्याचीच उदाहरणं घातली, १८ जणांना, आणि फोनवर त्यालापण. त्याचं उत्तर आलं संध्याकाळी सात वाजता, बरोबर होतं, मागून आई म्हणत होती आरं भाकर खा आधी.

काल तिसरीतली एक, ती डबा खाल्लेली, तिचा मेसेज आला. अकरा सेकंदांचा. "बाई, आमची कोपी पाचटाची हाय. राती गार लागतं. इथली शाळा उसाच्या पल्याड हाय, दिसती पन जाया येत नाय, बारकं सांभाळाया हाय. आमच्या म्हशीला रेडी झाली. ही बातमी लिवा." मग थोडा वेळ काहीच नाही, आणि शेवटी, "बाई, तुमचा निकाल लागला का?"

सकाळी लिहिलं फळ्यावर. म्हशीचं लिहिलं. सर म्हणाले "म्हैस व्याली" लिहा, मी म्हणलं तिने "रेडी झाली" सांगितलंय. मावशी दारात उभ्या होत्या, हातात वाटी, विचारत होत्या किती.